५०,००० शेअर आणि एक होकार: कॉन्सुएलो व्हँडरबिल्टच्या लग्नाचं प्रकरण

६ नोव्हेंबर १८९५, बुधवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट टॉमस चर्चमध्ये १८ वर्षांच्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लग्न लागलं. नवरी सुमारे २० मिनिटं उशिरा आली. सकाळभर रडून सुजलेला चेहरा निवळेपर्यंत तिला घरीच थांबवून ठेवलं होतं. त्याच तारखेचा एक करारनामा आहे. नवऱ्या मुलाला किती मिळणार, कुठून मिळणार आणि कुठवर मिळणार, हे वकिलांनी त्यात चोख लिहून ठेवलं. नवरीला हे लग्न मान्य आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि कुठे नोंदलंही नाही. ३१ वर्षांनी हे लग्न मुळातूनच रद्द ठरलं ते नेमकं याच मुद्द्यावर.

प्रकरणातली मुख्य माणसं इतिहासात नोंदलेली असल्याने त्यांची नावं दिली आहेत. नोकरचाकर, वकील, शिक्षिका यांची दिलेली नाहीत. एक खबरदारी आधीच सांगायला हवी. घराच्या आत काय घडत होतं हे बहुतांशी कॉन्सुएलोने उतारवयात लिहिलेल्या आठवणींवरून कळतं. ड्यूकने आपली बाजू तशी सविस्तर मांडलेली नाही. त्यामुळे जिथे आधार फक्त तिच्या सांगण्याचा आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी: मुलीकडची बाजू

व्हँडरबिल्टांचा पैसा जहाजं आणि रेल्वेचा. पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट १८७७ मध्ये वारले तेव्हा मागे सुमारे १० कोटी डॉलर होते. आजोबांनी १८८५ पर्यंत त्याचे जवळपास २० कोटी केले. कॉन्सुएलोचा जन्म २ मार्च १८७७ चा. वडील विल्यम किसम व्हँडरबिल्ट मवाळ स्वभावाचे, आई आल्वा त्याच्या अगदी उलट.

पैसा होता, मान नव्हता. जुन्या न्यूयॉर्कची घराणी, त्यातही मिसेस ॲस्टर, रेल्वेवाल्यांच्या घरी पाऊल ठेवत नसत. आल्वाने २६ मार्च १८८३ ला आपल्या नव्या वाड्यात वेषांतराचा भव्य बॉल (नृत्यसमारंभ) ठेवला. मिसेस ॲस्टरच्या मुलीला त्यात नाचायचं होतं; 'त्या आमच्याकडे कधी आल्याच नाहीत, तर आमंत्रण कसं पाठवू?' असा निरोप आल्वाने पोचता केला, आणि ॲस्टरबाईंचं भेटकार्ड तिच्या दारात आलं, अशी हकीकत सांगतात. दार उघडलं ते असं.

बारा वर्षांनी ते पुन्हा बंद होऊ लागलं. मार्च १८९५ मध्ये आल्वाने नवऱ्याशी घटस्फोट घेतला. त्या वर्तुळात नवऱ्याची लफडी खपत, पण बायकोने त्यासाठी कोर्टात जाणं खपत नसे. गेलेली जागा परत मिळवायला तिच्या हातात एकच मोठा पत्ता होता: लग्नाची मुलगी.

वाट आधीच मळलेली होती. जेनी जेरोम १८७४ मध्ये याच मार्लबरो घराण्यात लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलची बायको होऊन गेली होती. कॉन्सुएलोचं नाव जिच्यावरून ठेवलं ती कॉन्सुएलो इझ्नागा १८७६ मध्ये व्हायकाउंट मँडेव्हिलशी लग्न करून पुढे मँचेस्टरची डचेस झाली. आणि १८९५ च्याच एप्रिलमध्ये शिकागोच्या धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी मेरी लायटर हिचं जॉर्ज कर्झनशी लग्न झालं; तीच पुढे हिंदुस्थानची व्हाइसरीन, म्हणजे व्हाइसरॉयची पत्नी.

मुलीचं वळण मात्र आल्वाने स्वतः लावलं. फ्रेंच आणि जर्मन पक्की, पाठ ताठ राहावी म्हणून अभ्यासाच्या वेळी कण्याला पोलादी सळई, कपडे आईच्या पसंतीचे. मत मांडलं तर उत्तर एकच: तू विचार करायचा नाहीस, तो मी करते. हे सगळं कॉन्सुएलोनेच लिहिलं आहे, पण पुढे आईने शपथेवर जे सांगितलं त्याच्याशी ते जुळतं.

पार्श्वभूमी: मुलाकडची बाजू

मार्लबरो घराण्याचा वाडा म्हणजे ब्लेनहाइम पॅलेस, १७०४ च्या ब्लेनहाइमच्या लढाईतल्या विजयाबद्दल राष्ट्राने पहिल्या ड्यूकला दिलेला. काम १७०५ ला सुरू झालं. वास्तू अफाट, आणि तिला पोसणारं उत्पन्न त्या मानाने कधीच पुरेसं नव्हतं. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतलं स्वस्त धान्य इंग्लंडमध्ये येऊ लागलं, शेतमालाचे भाव कोसळले, जमिनीचा खंड बुडाला. ते धान्य बंदरापर्यंत आणणाऱ्या रेल्वेगाड्यांत व्हँडरबिल्टांच्याही गाड्या होत्या. म्हणजे ज्या रुळांमुळे ब्लेनहाइमची शेती तोट्यात गेली, त्याच रुळांच्या नफ्यातून पुढे त्याचं छप्पर दुरुस्त व्हायचं होतं.

तोवर घर विकून विकून चाललं होतं. १८७५ मध्ये सातव्या ड्यूकने कोरीव रत्नांचा संग्रह ३५,००० गिनींना काढला. १८८१ ते १८८३ या काळात संडरलँड ग्रंथालय लिलावात गेलं. १८८५ मध्ये आठव्या ड्यूकने राफाएलचं मॅडोनाचं चित्र ७०,००० पौंडांना आणि व्हॅन डाइकचं घोड्यावरच्या चार्ल्स राजाचं चित्र १७,५०० पौंडांना नॅशनल गॅलरीला दिलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचा करार कळत नाही. अशी इस्टेट त्या काळी 'बांधलेली' असे. ड्यूक तिचा मालक नसे, हयातीपुरता उपभोक्ता असे. वारशाने चालत आलेल्या वस्तू विकायला आधी पार्लमेंटचा खास कायदा लागे (ब्लेनहाइमसाठी तो १८८० चा), १८८२ च्या सेटल्ड लँड ॲक्टनंतर कोर्टाची परवानगी. विक्रीचा पैसाही ड्यूकच्या खिशात जात नसे. तो विश्वस्तांकडे भांडवल म्हणून राही. त्यामुळे भिंतीवरची चित्रं विकूनही कोळशाचं बिल भागत नाही, अशी विचित्र स्थिती येई. ड्यूकला हवं होतं ते भांडवल नव्हे, दरवर्षी हातात येणारं उत्पन्न.

आठव्या ड्यूकने १८८८ मध्ये लिली हॅमर्सली या श्रीमंत अमेरिकन विधवेशी लग्न केलं. तिच्या पैशातून घरात वाफेची ऊब आणि वीज आली, मोठा ऑर्गन बसला. पण १८९२ मध्ये तो वारला, आणि १८९५ मध्ये तिने दुसरं लग्न केलं. बायको गेली की तिचा पैसाही जातो, हे नवव्या ड्यूकच्या वकिलांनी ताजं ताजं पाहिलेलं होतं.

अडचण

आल्वाला वर्षाच्या आत मोठं नाव हवं होतं. ड्यूक २३ वर्षांचा, पदवी होती, घर गळत होतं. आणि कॉन्सुएलोचं मन दुसरीकडे होतं: विन्थ्रॉप रदरफर्ड, न्यूयॉर्कच्या जुन्या घराण्यातला, वयाने मोठा, देखणा. दोघांचं आपसांत ठरलेलंही होतं.

पहिला निर्णय, १८९५: सोयरीक

ड्यूकपुढे तीन वाटा होत्या. आणखी विकणं: विकण्याजोगं बहुतेक गेलेलं. वाडा भाड्याने देणं: शक्य, पण एवढ्या मोठ्या घराला भाडेकरू मिळणं कठीण आणि नाचक्की वेगळी. तिसरी वाट लग्न. तिच्या आठवणींनुसार, लग्नानंतर थोड्याच वेळात त्याने तिला सांगून टाकलं की प्रेम दुसऱ्या मुलीवर होतं, ब्लेनहाइमसाठी ते सोडलं.

आल्वाने रदरफर्डला बाद केलं ते कशामुळे, हे पाहण्यासारखं आहे. तो खालच्या कुळातला नव्हता, कंगालही नव्हता. पण त्याच्याशी लग्न म्हणजे घटस्फोटित बाईची मुलगी न्यूयॉर्कच्याच एका घरात गेली, एवढंच. ड्यूकशी लग्न म्हणजे ज्या बायका आल्वाकडे पाठ फिरवत होत्या, त्याच आमंत्रणाची वाट पाहणार.

कॉन्सुएलोपुढे कागदावर दोन पर्याय होते, नकार देणं किंवा पळून जाणं. प्रत्यक्षात एकही नव्हता. ती २१ च्या आतली, पैसा आईच्या हातात, पत्रं अडवलेली, बाहेर जाणं बंद. नकार दिला तेव्हा आई म्हणाली, त्या माणसाला गोळी घालीन. मग आईला हृदयाचा झटका आल्याचं घरातल्या एका स्नेही बाईकडून कळवण्यात आलं आणि त्याला जबाबदार तूच, असंही. मुलीने मान तुकवली. ऑगस्टमध्ये न्यूपोर्टच्या मार्बल हाउसमध्ये, म्हणजे आल्वाच्या तिथल्या वाड्यात, ड्यूकच्या स्वागताचा बॉल झाला, सप्टेंबरमध्ये मागणी घातली गेली. मार्चमधला घटस्फोट ते नोव्हेंबरमधलं लग्न, सगळं मिळून आठ महिने.

करारात काय होतं

मूळ रक्कम २५ लाख डॉलर, पण रोख नव्हे. पेनसिल्व्हेनियातला कोळसा वाहणाऱ्या बीच क्रीक रेल्वेचे ५०,००० शेअर, दर्शनी किंमत प्रत्येकी ५० डॉलर. त्यावर वर्षाला ४ टक्के देण्याची हमी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची, म्हणजे अखेर व्हँडरबिल्टांचीच. शेअर विश्वस्तांच्या नावे. हिशेब सोपा: वर्षाला १ लाख डॉलर, तेव्हाच्या ४.८६ डॉलरला एक पौंड या दराने सुमारे २०,५०० पौंड. हे उत्पन्न ड्यूकला त्याच्या हयातभर, त्याच्या मागे कॉन्सुएलोला तिच्या हयातभर. कॉन्सुएलोला वडिलांकडून वेगळं वार्षिक उत्पन्न मिळालं.

रोख न देता हमीचे शेअर देण्यात दोन्ही बाजूंची सोय होती. ड्यूकला मूळ रक्कम उधळता येत नव्हती. वडिलांना २५ लाख एकदम मोकळे करावे लागत नव्हते. आणि लिली हॅमर्सलीच्या वेळची चूक इथे नव्हती: उत्पन्न ड्यूकच्या हयातीला बांधलेलं होतं, लग्न सुखाचं होण्याला नव्हे.

त्रुटीही तिथेच होती. जोडपं वेगळं झालं तर उत्पन्नाचं काय, यावर करारात वेगळी तरतूद नव्हती. अशा तरतुदी त्या काळी माहीत नव्हत्या असं नाही, पण बोलणी चालू असताना मोडण्याची भाषा करणं अशुभ, शिवाय मुलीच्या बाजूने स्वतंत्र वकील उभा करावा असं कुणाला वाटलं नाही. वडिलांचा वकील म्हणजे मुलीचा वकील, असं गृहीत धरलं गेलं. वडिलांना रक्कम जपायची होती. मुलीला काय जपायचं होतं, हा प्रश्न फायलीत नाही.

ब्लेनहाइममधली अकरा वर्षं

कामाचं वर्णन करायचं तर डचेस हे पद होतं आणि त्याची पहिली जबाबदारी वारस. लॉर्ड रँडॉल्फ जानेवारी १८९५ मध्ये वारल्यापासून पदवीचा पुढचा हक्कदार त्याचा मुलगा विन्स्टन चर्चिल होता, आणि ड्यूकच्या आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. तिने नव्या सुनेला पहिल्याच भेटीत तसं ऐकवलं. सप्टेंबर १८९७ मध्ये जॉन आणि ऑक्टोबर १८९८ मध्ये आयव्हर जन्मला. विन्स्टनचा रस्ता बंद झाला. गंमत म्हणजे कॉन्सुएलोचं आणि विन्स्टनचं शेवटपर्यंत उत्तम जमलं.

दुसरी जबाबदारी पाहुणचार. शिकारीच्या चार दिवसांच्या मेजवानीत बायकांना दिवसाला चारदा पोशाख बदलावा लागे, म्हणजे एका खेपेला १६ पोशाख. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुक्कामाला आला तेव्हा यजमानीण १९ वर्षांची होती. जेवणाच्या मेजावर कुणाला कुठे बसवायचं हे पदवीच्या मानाने ठरे आणि एक जागा चुकली तरी वर्षभर बोललं जाई. १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या राज्याभिषेकात छत्र धरणाऱ्या चार डचेसांत ती होती, आणि १९०३ च्या दिल्ली दरबारालाही नवऱ्याबरोबर हजर होती, जिथे यजमानीण मेरी कर्झन होती.

तिने स्वतःहून बदललेली एक गोष्ट लहान आहे, पण तिच्याबद्दल बरंच सांगते. वाड्यातलं उरलेलं अन्न आसपासच्या गरिबांना डब्यांतून जाई. मांस, भाज्या, गोडधोड सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. तिने ते वेगवेगळं भरायला लावलं.

नवराबायकोत बोलणं उरलं नव्हतं. तिच्या सांगण्यानुसार रात्रीच्या जेवणाला दोघे समोरासमोर बसत, ताट पुढे सरकवून ड्यूक विचारात बुडून जाई. दोन पदार्थांमधल्या वेळात ती विणकाम करू लागली, आणि बटलर दाराबाहेर गुप्तहेरकथा वाचत बसे. पैसा मात्र ठरल्याप्रमाणे काम करत होता. दालनांना फ्रेंच धाटणीचा सोनेरी मुलामा चढला, बागा सावरल्या. १९०५ मध्ये चित्रकार सार्जंटने चौघांचं भव्य चित्र काढलं. पुढच्याच वर्षी ते कुटुंब मोडलं.

दुसरा निर्णय, १९०६: वेगळं होणं

पर्याय चार होते.

पहिला, त्या वर्गात सर्रास चालणारा: एकाच छपराखाली दोन आयुष्यं. हे काही वर्षं चाललंच होतं.

दुसरा, घटस्फोट. १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला नवऱ्याचा व्यभिचार आणि जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग सिद्ध करावा लागे. शिवाय उघड्या कोर्टात, वार्ताहरांसमोर.

तिसरा, कोर्टाकडून न्यायिक विभक्तता. अट थोडी सैल, चव्हाटा तेवढाच.

चौथा, खाजगी विभक्ततेचा करार. दोन वकील, एक दस्त, साक्षी-पुरावे नाहीत. हाच निवडला गेला. मध्यस्थीत विन्स्टन चर्चिलही होता. मुलांचा ताबा निम्मा-निम्मा ठरला, जे त्या काळी विशेषच; बड्या घरात मुलं सहसा बापाकडे राहत. कॉन्सुएलो वडिलांनी लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर बांधून दिलेल्या संडरलँड हाउसमध्ये राहू लागली. १८९५ च्या कराराला हात लागला नाही. लागू शकतही नव्हता: लग्नाच्या वेळचे आर्थिक दस्त बदलण्याचा १८५९ च्या कायद्याने कोर्टाला मिळालेला अधिकार घटस्फोट किंवा लग्न रद्द झाल्यावरच वापरता येई. म्हणजे ब्लेनहाइमला रेल्वेचे पैसे चालू, फक्त ब्लेनहाइममध्ये ती नाही.

या निवडीत एक फास होता. संमतीने वेगळं राहणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परित्याग नव्हे. त्या दस्तावर सही करून कॉन्सुएलोने पुढच्या घटस्फोटाचा निम्मा पाया स्वतःच काढून टाकला. तेव्हा ते कुणाला जाणवलं नसावं, कारण पुन्हा लग्न करण्याचा प्रश्नच समोर नव्हता. १४ वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली.

मधली वर्षं

राजदरबारचं वर्तुळ आखडलं, तशी ती दुसऱ्या कामात शिरली. शिक्षा झालेल्या कैद्यांच्या बायकांसाठी काम, मुलींच्या उच्च शिक्षणासाठी निधी, युद्धकाळात अमेरिकन बायकांच्या मदतनिधीचं काम, आणि १९१७ पासून लंडन काउंटी कौन्सिलवर साउथवर्कच्या गरीब वस्तीची प्रतिनिधी. समारंभाची पाहुणी म्हणून मिरवणारी बाई आणि समितीच्या बैठकीला कागद वाचून येणारी बाई यातला फरक या वर्षांत दिसतो. तिच्या चरित्रात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकतात, कारण त्यात हिरे नाहीत.

तिसरा निर्णय, १९१९ ते १९२१: घटस्फोट

आता दोघांनाही मोकळं व्हायचं होतं. ड्यूकला ग्लॅडिस डीकनशी लग्न करायचं होतं, कॉन्सुएलोला फ्रेंच वैमानिक जाक बालसाँशी. थोरल्या मुलाचं फेब्रुवारी १९२० मध्ये लग्न झालं, त्यामुळे मुलांसाठी थांबण्याचं कारणही सरलं.

आड आला तो १९०६ चा दस्त. त्यावर त्या काळच्या वकिलांनी घडवलेली वाट अशी होती:

आधी समेट दाखवायचा. दोघांनी काही दिवस एका घरात राहायचं, म्हणजे जुना विभक्ततेचा करार संपतो. ड्यूक तिच्या सरे परगण्यातल्या घरी येऊन राहिला.

मग नवऱ्याने निघून जायचं आणि परत येणार नाही असं पत्राने कळवायचं.

बायकोने सहजीवन पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कोर्टाकडे मागायचा. नवऱ्याने तो पाळला नाही की १८८४ च्या कायद्याने तो तत्काळ परित्याग ठरतो. दोन वर्षं थांबावं लागत नाही.

व्यभिचाराचा पुरावा म्हणून नवऱ्याने एखाद्या हॉटेलात अनोळखी स्त्रीबरोबर रात्र काढल्याची नोंद आणि नोकराची साक्ष.

तात्पुरता हुकूम, मग सहा महिने थांबणं, मग कायम हुकूम. या सहा महिन्यांत किंग्ज प्रॉक्टर नावाचा सरकारी अधिकारी दोघांनी संगनमत केलं आहे का हे तपासू शकतो. संगनमत सिद्ध झालं तर सगळंच मुसळ केरात.

धोका या शेवटच्या पायरीत. दोन्ही पक्षांना एकच हवं आहे, हे सगळ्यांना दिसत असताना कुणी ते बोलायचं नाही. सहा महिने दोघांनाही नव्या जोडीदाराबरोबर उघडपणे वावरता येत नाही. नोव्हेंबर १९२० मध्ये तात्पुरता हुकूम झाला, मे १९२१ मध्ये कायम. ड्यूकने जूनमध्ये पॅरिसला ग्लॅडिसशी आणि कॉन्सुएलोने ४ जुलैला बालसाँशी लग्न केलं. दोन वर्षं थांबले असते तर हे नाटक टळलं असतं: १९२३ च्या कायद्याने बायकोलाही केवळ व्यभिचारावर घटस्फोट मिळू लागला.

चौथा निर्णय, १९२६: लग्न झालंच नव्हतं

बालसाँचं घराणं कट्टर कॅथलिक. त्यांच्या लेखी इंग्लिश कोर्टाचा हुकूम म्हणजे कागद. ड्यूक जिवंत आहे तोवर ही बाई त्याचीच बायको. लग्न अँग्लिकन चर्चमध्ये झालं होतं म्हणून कॅथलिक चर्चला त्याच्याशी देणंघेणं नाही, असा समज अनेकांचा होता. तो चुकीचा आहे. बाप्तिस्मा झालेल्या दोन ख्रिस्ती व्यक्तींचं लग्न कॅथलिक चर्च वैध धरतं, म्हणूनच ते रद्द करायलाही त्याच्याच न्यायमंडळापुढे जावं लागतं. ड्यूकही तेव्हा कॅथलिक होण्याकडे झुकला होता, त्यामुळे त्याचा विरोध नव्हता.

आधार मिळाला तो १९१७ च्या चर्च-संहितेतल्या कलम १०८७ चा: बाहेरून अन्यायाने घातलेली बळजोरी किंवा गंभीर भीती, आणि तिच्यातून सुटायला लग्नाखेरीज दुसरा मार्ग न राहणं. आईबापांचा धाक एवढंच पुरत नाही. धाक इतका हवा की होकार स्वतःचा उरला नाही असं म्हणता यावं. लग्नानंतर अकरा वर्षं संसार झाला, दोन मुलं झाली, हा मोठाच अडथळा. पण प्रश्न लग्नाच्या दिवसाचा असतो, नंतरचा नव्हे.

दावा साउथवर्कच्या धर्मप्रांताच्या न्यायमंडळापुढे चालला. तिथे 'विवाहबंधनाचा रक्षक' म्हणून एक अधिकारी लग्नाच्या बाजूने उभा राहतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे निकाल विरुद्ध गेला की त्याला अपील करावंच लागे, आणि दोन निकाल एकसारखे आल्याशिवाय लग्न रद्द होत नसे. साक्षी मावशीच्या, घराच्या जुन्या स्नेही बाईच्या, शिक्षिकेच्या, आणि मुख्य साक्ष आल्वाची. मी मुलीवर सक्ती केली, तिच्यावर माझी पूर्ण सत्ता होती, तिचं मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता, असं तिने सांगितलं. १८९५ नंतर आल्वा स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची मोठी आधारस्तंभ झाली होती. अशी बाई आपल्या मुलीवर केलेली जबरदस्ती शपथेवर कबूल करते, आणि ती कबुलीच मुलीला सोडवते.

ही साक्ष कितपत धरायची? सगळ्या साक्षीदारांना निकाल एकाच बाजूचा हवा होता, हे खरं. पण नवरीच्या खोलीबाहेरचा पहारा, अडवलेली पत्रं, रदरफर्डशी ठरलेलं मोडणं, या गोष्टी वेगवेगळ्या तोंडून सारख्या आल्या. रोमच्या रोटाने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरच्या न्यायालयाने, १९२६ मध्ये निकाल कायम केला.

इथे चूक झाली ती प्रसिद्धीची. हे प्रकरण घरापुरतं राहील असं कॉन्सुएलोला वाटलं होतं. नोव्हेंबरमध्ये बातमी फुटली आणि गदारोळ झाला. न्यूयॉर्कचे एपिस्कोपल (अँग्लिकन पंथाच्या अमेरिकन शाखेचे) बिशप मॅनिंग यांनी जाहीर निषेध केला: आमच्या चर्चमध्ये लागलेलं लग्न रोम कोण रद्द करणार? सामान्य वाचकाला दुसराच प्रश्न पडला, मुलं अनौरस झाली का? नाही. चर्चच्या संहितेत, निदान एका पक्षाने सद्भावनेने केलेल्या लग्नातली मुलं औरसच राहतात. आणि इंग्लिश कायद्यात या निकालाला काडीचीही किंमत नव्हती. पदवीचा वारस होता तोच राहिला. हे दोन वाक्यांत सांगणारं निवेदन आधीच तयार हवं होतं. ते नव्हतं.

निष्पत्ती

ड्यूक १९२७ मध्ये कॅथलिक झाला. त्याच सुमारास ब्लेनहाइमच्या पश्चिमेला आशील ड्यूशेनने आखलेल्या पाण्याच्या गच्च्यांचं काम चालू होतं. ग्लॅडिसशी त्याचं पुढे इतकं बिनसलं की तो घरातून निघून गेला. १९३४ मध्ये तो वारला आणि थोरला मुलगा दहावा ड्यूक झाला.

कॉन्सुएलो बालसाँ म्हणून फ्रान्समध्ये राहिली, तिथल्या हॉस्पिटलच्या निधीसाठी खपली, १९४० मध्ये जर्मन सैन्य आल्यावर पोर्तुगालमार्गे अमेरिकेला परतली. ६ डिसेंबर १९६४ ला वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला ब्लेनहाइमच्या वेशीवरच्या ब्लेडनच्या चर्चच्या आवारात, धाकट्या मुलाशेजारी पुरलं. आठ आठवड्यांनी तिथेच विन्स्टन चर्चिललाही आणलं.

वेगळं काय करता आलं असतं

१८९५ च्या करारात विभक्ततेचं एक कलम पुरेसं होतं: वेगळं झाल्यास उत्पन्नाचा अमुक वाटा बायकोकडे. व्हँडरबिल्ट घासाघीस करण्याच्या स्थितीत होते; ड्यूकला गरज जास्त होती. त्यांनी ती ताकद वापरली नाही, कारण आल्वाला तारीख गाठायची होती. घाई ज्या बाजूला असते तिचे मसुदे नेहमी असेच सैल राहतात.

मुलीला वेगळा वकील दिला असता तर कलम मिळालं असतं की नाही, सांगता येत नाही. पण त्याने तिला एकटीला बसवून 'तुला हे लग्न करायचं आहे का?' असं एकदा विचारलं असतं, तर दोनपैकी एक नक्की झालं असतं: लग्न मोडलं असतं, किंवा १९२६ चा दावा टिकला नसता.

१९०६ च्या दस्ताबद्दल त्या वकिलांना फार दोष देता येत नाही. संमतीची विभक्तता म्हणजे पुनर्विवाहाचं दार जवळपास बंद, एवढं २९ वर्षांच्या अशिलाला स्पष्ट सांगायला हवं होतं, इतकंच.

चर्चपुढच्या दाव्याची वेळ मात्र अगदी नेमकी साधली. बळजोरीचा पुरावा कागदावर नव्हता, माणसांच्या आठवणीत होता, आणि माणसं सत्तरीला टेकलेली होती. आल्वा १९३३ च्या जानेवारीत पॅरिसला वारली. दावा सात वर्षं लांबला असता तर मुख्य साक्षीदारच राहिली नसती.